सगळं खाली आहे

वसुधाताईंनी ती ट्यूब फेकली नव्हती. मी फेकली होती.

ताई आज सकाळी गेल्या. ग्वारीघाटाच्या स्मशानातून परत येते न येते तोच डिपार्टमेंटच्या ग्रुपवर मेसेज: "दीदी बहुत अच्छी थीं. बस वो ट्यूब वाली गलती हो गई थी उनसे."
त्यावर सगळ्यांचे जोडलेले हात.
माझं डोकंच फिरलं.

तर आता ऐका.

वसुधाताई आमच्या लॅबच्या टेक्निशियन. माहेर अमरावतीकडचं. अख्ख्या लॅबमध्ये माझ्याशी मराठी बोलणारं एकच माणूस. मी घरी मराठी ऐकणारी आणि उत्तर हिंदीत देणारी. त्यांना ते खपायचं नाही.
"चुकत बोल, पण बोल," म्हणायच्या.

माझ्या पीएचडीसाठी एक केमोकाइन मागवलं होतं. शरीरात जखम झाली की पांढऱ्या पेशींना हाक मारून बोलावणारं प्रोटीन. माणसाचंच, पण कंपनीने बॅक्टेरियाकडून बनवून घेतलेलं. चार महिने वाट पाहिल्यावर आलं, तेही बोटाच्या पेराएवढ्या ट्यूबमध्ये.

सुकवलेली पावडर इतकी थोडी, की डोळ्याला दिसतच नाही. झाकणाला चिकटलेली असू शकते, म्हणून उघडण्याआधी ट्यूब मशीनमध्ये गरगर फिरवून ती तळाशी आणतात.
ताईंनी फिरवली, बर्फात ठेवली आणि जाता जाता म्हणाल्या, "पाहून घे, सगळं खाली आहे."

मराठीत खाली म्हणजे तळाशी.
माझ्या डोक्यात हिंदी. खाली म्हणजे रिकामं.

मी ट्यूब उजेडात धरली. काही दिसेना. सरळ ब्लीचच्या बादलीत टाकली आणि कंपनीला तावातावाने ईमेल केला, रिकामी ट्यूब कशी पाठवता म्हणून.
दोन दिवसांनी उत्तर आलं. पावडर दिसत नसते, पाणी घाला.

माझ्या पीएचडीच्या गाइड सरांनी विचारलं, "ट्यूब कहाँ है?"
मी फ्रीज उघडून शोधल्यासारखं केलं.
मग ते ताईंकडे वळले. "दीदी, सफाई में आपने फेंकी होगी. माफ़ी लिखकर दे दीजिए, बात ख़त्म."
"मैंने नहीं फेंकी. नहीं लिखूँगी."
ताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यांना कळलं होतं. पण नाव घेतलं नाही.

त्यांना लॅबमधून काढून काचेची भांडी धुण्याच्या खोलीत बसवलं, रिटायर होईपर्यंत. सर दर वर्षी विचारायचे, लिहून देता का. ताई दर वर्षी नाही म्हणायच्या.

मी एकदा त्या खोलीत गेले. "ताई, मी सरांना सांगू का?"
"मला काय विचारून राहिली? कोणी फेकली ते तुला माहीत आहे ना."
"पीएचडी झाली की सांगते."
"अच्छा. सांग मंग."

पीएचडी झाली, दुसऱ्या ट्यूबवर. नोकरी लागली. आभाराच्या पानावर त्यांचं नाव छापलं, 'सहकार्याबद्दल'. एवढा निर्लज्जपणा मला जमला.

आता ग्रुपवाल्यांसाठी. तो "गलती" शब्द मागे घ्या. हीच पोस्ट सरांना पाठवली आहे, युनिव्हर्सिटीलाही पाठवते आहे. माझ्या डिग्रीचं काय करायचं ते करा. पोस्ट डिलीट होणार नाही. फोन करून समजावू नका.

ताई, त्या माफीवर तुम्ही सही केली नाहीत, बरं केलंत. केली असती, तर एव्हाना मीही त्या कागदावर विश्वास ठेवला असता.

उशिरा सांगितलेल्या खऱ्यासकट श्रद्धांजली.