केटरिंग कॉलेजच्या आधीचे अकरा महिने

हॉटेलात काम केलेली दोन माणसं भेटली की तिसऱ्यानं घरी फोन करून सांगावं, "मला उशीर होईल!" कारण किस्से संपत नाहीत. ते कुणी मुद्दाम साठवत नाही. कपाटामागे धूळ साठते ना, तसे ते साठतात. एक दिवस कपाट हलवलं की अख्खा ढीग बाहेर!

माझा ढीग सगळ्यात मोठा आहे तो अंधेरीच्या एका छोट्या हॉटेलातला. एअरपोर्टच्या जवळ, बत्तीस खोल्या, एक लिफ्ट, तीही मूड असेल तर चालायची. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. मी बारावी झालेली, केटरिंग कॉलेजात जायचं डोक्यात घेतलेलं. पहिल्या वर्षी मुलाखतीतच उडाले. अर्जात एक रकाना होता, 'कामाचा अनुभव'. मी तिथं रेघ मारली होती. समोरच्या बाईंनी त्या रेघेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नेक्स्ट!"

मग ठरवलं, पुढच्या वर्षापर्यंत ती रेघ पुसायची. वडिलांच्या ओळखीतल्या एकानं या हॉटेलात शब्द टाकला. घरी सांगितलं तर बाबा गप्प. त्यांची गिरणी बंद पडल्यापासून ते तसेही गप्पच असायचे. आई मात्र आमची मालवणची. पटकन म्हणाली, "भांडी घासूची आसत तर घरात काय कमी आसत?"

---

हाउसकीपिंगला होत्या कर्णिकबाई. इस्त्रीची साडी, चष्म्याला साखळी, आणि बोटात अशी काही जादू की दारावरून फिरवलं तरी धूळ सापडायचीच. पहिल्या दिवशी त्यांनी मला पलंग करायला शिकवला. चादर अशी ताणायची, कोपरा असा दुमडायचा, वरचं ब्लँकेट तिन्ही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचायचं.

"घट्ट म्हणजे किती?" मी विचारलं.

"सुरकुती दिसली तर तुला सोडणार नाही, इतकं."

मी जीव लावून खोचलं. गुडघा टेकवून, दात-ओठ खाऊन! कर्णिकबाईंनी बोट फिरवलं, काही सापडलं नाही. मी खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खोलीतले आजोबा काउंटरवर आले. नागपूरचे, कोट, टोपी, फार सज्जन माणूस. डोळे तांबारलेले. म्हणाले, "तक्रार नाही हो, फक्त माहितीसाठी विचारतो."

"विचारा ना."

"तुमच्या पलंगाला दार कुठून आहे?"

बिचारे कोट घालून ब्लँकेटच्या वरच झोपले होते!

---

माझ्याबरोबर आणखी एक जण 'अनुभव' घ्यायला आला होता. विनय, घाटकोपरचा. सगळे त्याला विन्या म्हणायचे. त्यालाही केटरिंग कॉलेजच हवं होतं आणि त्याची अडचण होती इंग्रजी. त्यानं फुटपाथवरून एक संभाषणाचं पुस्तक आणलं आणि दिसेल त्या माणसावर ते वापरायला लागला. लिफ्टवाल्याला 'गुड आफ्टरनून' म्हणायचा, तर लिफ्टवाला घाबरून लिफ्टच बंद करायचा.

कर्णिकबाईंनी त्याला सांगितलं, "हे बघ, पाहुण्यानं काहीही सांगितलं की एकच उत्तर. 'विथ प्लेझर, सर!' बाकी बोलू नकोस, वाट लागेल."

विन्यानं ते घोकलं. दुपारी चौदा नंबरमधून फोन आला. कुणी परदेशी साहेब, आवाज चढलेला. "देअर इज अ लिझर्ड इन माय बाथरूम!"

विन्या ताठ उभा राहिला. "विथ प्लेझर, सर!"

साहेब म्हणाला, "यू पुट इट देअर?"

"विथ प्लेझर, सर!"

मी त्याच्या हातातून फोन ओढला, 'सॉरी सॉरी' केलं आणि आम्ही दोघं झाडू घेऊन पळालो. पाल चांगली वीतभर. विन्या तसा घाटकोपरच्या चाळीतला, पालीला कुठला घाबरतोय! त्यानं तिला झाडूवर अलगद घेतलं, खिडकीतून बाहेर सोडलं, वळून साहेबाला वाकून नमस्कार केला आणि पुन्हा तेच वाक्य म्हणाला. साहेब आधी बघत राहिला आणि मग पोट धरून हसला.

जाताना अभिप्रायाच्या वहीत त्यानं लिहिलं: 'रूम स्मॉल. टी कोल्ड. लिझर्ड रिमूव्हड विथ प्लेझर.'

---

माझी वाट लागली ती आकड्यांमुळे. पाहुण्यांचे कपडे धोब्याकडे पाठवताना प्रत्येकाला खोलीचा नंबर लिहून चिठ्ठी टाचायची. मी मराठी शाळेतली, मराठीत आकडे लिहिले. आता मराठी एक आणि मराठी नऊ घाईत लिहून बघा. सख्खे भाऊ!

नऊ नंबरला होते एक प्रोफेसर, अंगानं काडी. मुलुंडला त्यांचं व्याख्यान होतं. एक नंबरला होते लाकडाचे व्यापारी, अंगानं ओंडकाच. दोघांच्याही पँटी करड्या.

सकाळी एक नंबरचे शेठ पँट हातात धरून काउंटरवर आले. शांतपणे म्हणाले, "बेन, मला एक सांग. पँट आटली की मी सुजलो?"

धावत नऊ नंबरला गेले, तर प्रोफेसर व्याख्यानाला गेलेले! दिवसभर मी देवाचं नाव घेत होते. वाटलं, संपलं, आता अनुभवाचा रकाना पुन्हा रिकामा. कर्णिकबाई एवढंच म्हणाल्या, "ते आले की तू स्वतः सांगायचं. मी मागे उभी राहीन, पण बोलणार नाही."

संध्याकाळी प्रोफेसर आले. डावा हात पँटच्या खिशात खोल गेलेला. मी सगळं सांगितलं. चूक माझी, आकडा माझा, धोब्याची काही चूक नाही. बोलता बोलता रडूच आलं.

प्रोफेसर म्हणाले, "अगं, रडतेस काय! दीड तास मी ही पँट एका हातानं धरून बोललो. आजवर माझ्या व्याख्यानात लोक झोपायचे. आज आयोजक म्हणाले, सर, तो एक हात खिशात ठेवून बोलण्याचा रुबाब... झकास!"

दुसऱ्या दिवसापासून इंग्रजी आकडे.

---

मग मला किचनला टाकलं. ते होतं पास्कल अंकलच्या हातात. गोराईचे. घरी मासेमारी, थोडी शेती, आणि हे गृहस्थ मात्र तिथून अंधेरीला येऊन कढया हलवणारे. रोज पहाटेची होडी पकडायचे आणि तरी आमच्या सगळ्यांच्या आधी हजर. गळ्यात क्रॉस, कमरेला ॲप्रन, तोंडात सतत "चल बाय, हात चालव!"

एकदा घाटकोपरच्या एका जैन कुटुंबानं साखरपुड्याचं जेवण आमच्या हॉटेलात ठरवलं. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, जमिनीखालचं काहीच नाही. मॅनेजरचा चेहरा पडला. पास्कल अंकल म्हणाले, "त्यात काय? जमिनीवर काय कमी आहे?" आदल्या दिवशी सगळं किचन धुऊन काढलं. नवी कढई, नवे झारे. मासळीचा फ्रीज कुलूप लावून बंद, आणि किल्ली पास्कल अंकलच्या खिशात.

ऐन वेळी नवऱ्यामुलाची आजी थेट किचनमध्ये आली. पांढरी साडी, ताठ मान. "महाराज कोण आहे? मला महाराजाला बघायचंय."

सगळे पुतळे! मॅनेजर 'महाराज जरा बाहेर गेलेत' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात पास्कल अंकल पुढे झाले. क्रॉस लपवला नाही, काही नाही. "मी केलंय आजी. पास्कल माझं नाव. गोराईचा. काल सकाळपासून या किचनमध्ये कांदा आला नाही. कढई नवीन आहे, ही पावती. खायचं की नाही ते तुम्ही सांगा."

आजीनं पावती नाही बघितली. कढई बघितली. वास घेतला. मग कच्च्या केळ्याचा एक कोफ्ता हातावर घेतला आणि खाल्ला. वाटलं, साखरपुडा मोडतोय आणि आपली नोकरीही.

आजी म्हणाली, "आमचा महाराज वीस वर्षं हा कोफ्ता करतोय. दगड करतोय दगड! त्याला चार दिवस तुमच्याकडे शिकायला पाठवू?"

पास्कल अंकलनी अंगठ्यानं माझ्याकडे खूण केली. "पाठवा की. पण हिच्या हाताखाली राहावं लागेल. ही सीनियर आहे!"

---

मुलाखत जवळ आली तशी मी घरी तयारी सुरू केली. ऐकलं होतं की टेबल मांडायला सांगतात, काट्या-चमच्यानं कसं खायचं ते विचारतात. आमच्या नाहूरच्या दीड खोलीत टेबलच नव्हतं. मग चटई घातली, तिच्यावर चादर, चादरीची सुरकुती काढली, आणि बाबांना पाहुणा म्हणून बसवलं. हॉटेलातून मागून आणलेले काटा-सुरी त्यांच्या हातात दिले. समोर तळलेला बांगडा आणि वाटीत डाळ.

बाबांनी सुरी घातली, बांगडा सरकला. काटा घातला, बांगडा फिरला. तिसऱ्यांदा बांगडा ताटातून निघून चटईवर! आई दारातून म्हणाली, "मेलेल्या बांगड्याक आणि कितीदा मारतलात?"

मला वाटलं, बाबा चिडून उठणार. ते उठले नाहीत. बांगडा उचलून ताटात ठेवला, पाठ सरळ केली, आणि एकदम मोठ्यानं ओरडले, "वेटर!"

मी दचकले. मग पटकन हात मागे बांधून उभी राहिले. "येस सर?"

"ही डाळ आहे की डाळीचे हात धुतलेलं पाणी?"

"सॉरी सर, लगेच बदलून देते सर."

"आणि हे पाणी कोमट का? आणि हा पंखा आवाज का करतो? मॅनेजरला बोलवा!"

अहो, बावीस वर्षं गिरणीच्या कँटीनमध्ये तोंड मिटून जेवलेला माणूस! सगळ्या तक्रारी साठलेल्या होत्या. अर्धा तास ते मला झापत होते आणि मी 'सॉरी सर' म्हणत होते. आई हसून हसून दाराला टेकली. शेवटी मॅनेजर म्हणून तिलाच बोलावलं. ती पदर खोचून आली आणि म्हणाली, "जेवूचा आसा तर जेवा, नायतर ताट उचलतंय!"

बाबा हसले. गिरणी बंद झाल्यावर पहिल्यांदा, असा आवाज करून. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर बाबा स्वतः चटई घालून तयार. "आज सूप आहे ना?"

---

निघताना अनुभवाचं सर्टिफिकेट हवं होतं. मालक म्हणाले, ज्यांच्या हाताखाली काम केलंस त्यांच्याकडून दोन ओळी लिहून आण. पास्कल अंकलनी स्वतः इंग्रजीत लिहिलं, कुणाला हात लावू दिला नाही: 'शी इज गुड गर्ल. शी क्राय ओन्ली फॉर अनियन.'

मला पँटचं प्रकरण आठवलं, पण कागद पटकन घडी करून पिशवीत टाकला.

कर्णिकबाईंनी एकच वाक्य टाइप करून दिलं. 'हिला कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही.' अकरा महिन्यांत त्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्द आला नव्हता. तेव्हाही तोंडून आला नाहीच, टाइपरायटरमधून आला! मी थँक यू म्हणायला गेले तर म्हणाल्या, "दहा नंबरच्या पडद्याला धूळ आहे. जाताना झटकून जा."

झटकून गेले.

---

आता शेवटचा. विन्याला आणि मला, दोघांनाही त्या वर्षी प्रवेश मिळाला आणि पुढे जन्मभर आम्ही हेच केलं, ते सोडा. मुलाखतीच्या खोलीत काय झालं ते सांगते. 

टेबलामागे तिघं. दोघं साधे, आणि मध्ये एक सर, पांढऱ्या मिश्या, आवाज असा की ग्लास हलेल. इंग्रजीत प्रश्न आले. पहिले दोन जमले. तिसऱ्याला माझी जीभ अडकली. चौथ्याला डोकंच रिकामं. मागच्या वर्षीची ती रेघ डोळ्यांसमोर आली.

सरांनी पेन खाली ठेवलं आणि मराठीत म्हणाले, "ठीक आहे. शेवटचं. मी तुझ्या हॉटेलातला पाहुणा. खोली घाण, सर्व्हिस भिकार, तू मूर्ख. मी चाललो. मला थांबवून दाखव."

असं म्हणून खरंच उठले! बॅग उचलली आणि दाराबाहेर. मी दोन सेकंद खुर्चीतच. मग मागे पळाले. बाहेर बाकावर पंधरा-वीस मुलं फायली धरून बसलेली, सगळी बघतायत. सर ताडताड चाललेत, मी मागे.

"सर, सॉरी सर, खोली बदलून देते."

"नको."

"मॅनेजरशी बोलून घ्या, सर."

"मॅनेजर तुझ्याहून मूर्ख आहे!"

बाकावरची मुलं हसली. सर जिन्यापर्यंत पोचले. एक पायरी उतरले, दोन उतरले. माझं सगळं शिकलेलं संपलं होतं. इंग्रजी तर नव्हतंच.

मी वरून म्हटलं, "सर, जायचं तर जा. पण जेवून जा. दुपारचा एक वाजलाय."

"मला वेळ नाही!" तिसरी पायरी.

"मग डबा बांधून देते. पाचच मिनिटं. असं उपाशी कुणी जातं का?"

सर थांबले. कठड्यावर हात ठेवला. बाकावरचं हसणं बंद झालं. ते हळूच वळले, एक पायरी वर आले, आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"भाजी कसली आहे?"