सईचं कॉलेज पाहायला ओहायोला

अमेरिकेतल्या शॉमबर्गहून, भावाच्या गावाहून निघालो तेव्हा एप्रिल लागला होता आणि तरीही बर्फाचे बारीक कण पडत होते. माझा धाकटा भाऊ श्रीकांत गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी आणि मागच्या सीटवर त्याची सतरा वर्षांची मुलगी सई, कानात गाणी लावून. पायाशी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा होता. भावजय मेघना ऑफिसच्या कामामुळे मागे राहिली. निघताना तिने एवढंच सांगितलं, की काय ठरवायचं ते ठरवा, पण गाडीत भांडू नका.

मी अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई. भावाकडे तीन महिन्यांसाठी आले होते. अमेरिकेत आल्यावर लोक धबधबा बघतात. मला सईचं कॉलेज दाखवायला नेत होते.

सईला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. पहिलं, घरापासून गाडीने तासाभरावरचं एक खासगी विद्यापीठ. त्याचं नाव अमरावतीच्या रिक्षावाल्यालाही ठाऊक असेल, असं श्रीचं म्हणणं. तिथे शिष्यवृत्ती नव्हती. दुसरं, ओहायोतलं एक सरकारी विद्यापीठ. त्यांनी तिला आपल्या ऑनर्स कॉलेजमध्ये (मोठ्या विद्यापीठाच्या पोटातलं निवडक मुलांचं छोटं कॉलेज) बोलावलं होतं, आणि वर मेरिट स्कॉलरशिप देऊ केली होती. चार वर्षं शिक्षणाची फी माफ.

आपल्याकडे मेरिट म्हणजे बोर्डात आलेल्या मुलाला आई पेढा भरवते आहे, असा पेपरातला फोटो. तो एकदा छापला की संपलं, परत कुणी मागत नाही. इथलं मेरिट दर सेमिस्टरला सांभाळावं लागतं. मार्क ठरावीक रेषेच्या खाली गेले की शिष्यवृत्ती गेली.

श्रीला हीच गोष्ट खटकत होती. “नाव जन्मभर राहतं, ताई,” तो मला म्हणाला. “स्कॉलरशिप एका सेमिस्टरमध्ये जाऊ शकते.” फीसाठी घरावर कर्ज काढायची त्याची तयारी होती. ओहायोला तो अशासाठी निघाला होता, की न बघताच नाही म्हटलं असं उद्या कुणी म्हणू नये. सईने अजून काहीच म्हटलं नव्हतं. तिला विचारलं की ती “आय डोन्ट नो” म्हणायची, आणि ते खरं असावं.

इंडियाना राज्य ओलांडायला बराच वेळ लागतो आणि त्यात बघण्यासारखं फारसं काही नाही, हे मला श्रीने आधीच सांगितलं होतं. मला ते पटलं नाही. क्षितिजापर्यंत उघडी, काळी, नांगरट न झालेली शेतं होती. गेल्या वर्षीच्या मक्याची धसकटं तशीच उभी. शेतांत पवनचक्क्या, इतक्या की मोजायचं मनात आलं नाही. कुठे माणूस दिसला नाही. शेती कोण करतं, असं मी विचारलं तर श्री म्हणाला, करत असतील कुणीतरी.

संध्याकाळी कोलंबस शहराजवळच्या डब्लिन गावात पोचलो. तिथे श्रीच्या कॉलेजातली मैत्रीण अंजली राहते. नवरा कामासाठी परगावी होता. तिने भरली वांगी आणि भाकरी केली होती आणि वाढताना सईला सल्ला दिला, की मोठं नाव असेल तिथेच जा. भाताच्या वेळेला म्हणाली, की फी माफ होत असेल तर वेडी आहेस का, तिथेच जा. ताकाच्या वेळी तिने विचारलं, की तुला स्वतःला काय वाटतं. सई म्हणाली, “काकू, वांगी मस्त आहेत.”

जेवणाआधी अंजलीने आम्हाला गावातली प्रेक्षणीय जागा दाखवली होती. रस्त्याकडेच्या हिरवळीवर सिमेंटची मक्याची कणसं ओळीने उभी केली आहेत, प्रत्येक कणीस माणसापेक्षा उंच. पूर्वी इथे खरोखरच मका पिकायचा आणि त्यावर संशोधन व्हायचं, त्याची ही आठवण. आता आजूबाजूला ऑफिसं आहेत. मी सवयीने एका कणसाच्या दाण्यांच्या ओळी बघितल्या. बरोबर होत्या. श्रीने माझा फोटो काढला. त्या फोटोत मी कणसाची विद्यार्थिनी वाटते.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात गेलो. प्रवेश मिळालेल्या मुलांना आईवडिलांसह कॉलेज दाखवण्याचा तो दिवस होता. गर्दी लग्नासारखी, फक्त कुणी नटलेलं नव्हतं. आम्ही एका रांगेत उभे राहिलो. रांगेतली सगळी मुलं दाराएवढी उंच होती. पुढे एका रुंद खांद्याच्या गृहस्थांनी श्रीचा हात जोरात हलवला, सईकडे पाहिलं, परत श्रीकडे पाहिलं आणि अतिशय मायेने विचारलं, की ही कुठल्या जागेवर खेळते. ती फुटबॉलवाल्यांची रांग होती. सई माझ्या खांद्याला लागते.

योग्य रांगेत पोचलो तिथे हॅना भेटली. ती तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, आमची टूर गाईड. इथले गाईड पाहुण्यांकडे तोंड करून उलटे चालतात. हॅना पायऱ्या, झाडं, सायकली, सगळं पाठीने ओळखत होती आणि चालता चालता ग्रंथालयाची माहिती सांगत होती. माझं सगळं लक्ष ती कधी आपटते याकडे होतं. ती आपटली नाही.

मध्ये तिने आम्हाला ऑनर्स कॉलेजच्या एका वर्गात मागच्या बाकांवर बसवलं. वर्गात पंधराएक मुलं, विषय मातीतले जीव. शिकवणाऱ्या बाई मुलांनी आणलेल्या मोजण्या फळ्यावर मांडत होत्या. रस्त्याकडेच्या मातीत गांडुळं जास्त आणि झाडीतल्या मातीत कमी, असं निघालं होतं. सईने हात वर केला. पाहुण्यांनी बोलायचं नसतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, मग तिथे गांडुळं कमी असायला हवीत ना, असं तिने विचारलं.

“हो,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच मला हे कळत नाहीये. तू काय तपासशील?”

मग त्यांनी तिचं नाव विचारून फळ्यावर लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. सई जे बोलली त्यातलं निम्मं मला कळलं नाही, तिचं इंग्रजी फार वेगात होतं. तास संपल्यावरही ती उठेना. शेवटी हॅनाने येऊन हाक मारली.

शेवटचा थांबा ऑनर्सच्या मुलांचं डॉर्म (वसतिगृह). नवी इमारत, खिडक्यांतून झाडं, आणि दाराला कार्ड लावल्याशिवाय आत जाता येत नाही. रस्त्यापलीकडे साध्या मुलांची जुनी इमारत होती. तिला दार होतं आणि ते उघडं होतं. विद्यापीठाच्या एक अधिकारी बाई प्रश्नांना उत्तरं द्यायला थांबल्या होत्या. श्रीने विचारलं, की किती मुलांची शिष्यवृत्ती जाते. बाईंनी हसून सांगितलं, की आमच्या मुलांना खूप आधार मिळतो. श्रीने परत विचारलं. बाईंनी परत आधाराबद्दल सांगितलं.

बाहेर आल्यावर हॅना म्हणाली, “माझी गेली.”

ते तिने ग्रंथालयाची माहिती सांगावी तसं सांगितलं. आमच्याशिवाय सगळे जेवायला गेले होते. दुसऱ्या वर्षी तिचे वडील आजारी पडले, ती सारखी घरी जायची, रसायनशास्त्र बुडालं. शिष्यवृत्ती गेली, पाठोपाठ ऑनर्सची खोली गेली. सामान उचलून ती रस्त्यापलीकडच्या इमारतीत राहायला गेली. आता कर्ज काढून शिकते आणि फावल्या वेळात पाहुण्यांना विद्यापीठ दाखवते.

“मग सोडून का नाही गेलीस?” श्रीने विचारलं.

“माझी माणसं इथे होती,” हॅना म्हणाली. “आणि त्या मातीवाल्या बाईंनी मला वर्गात येत राहा म्हणून सांगितलं.”

सईने विचारलं, घरी कधी सांगितलंस? हॅनाने बुटाकडे पाहिलं. तीन आठवडे सांगितलं नाही, म्हणाली. ते तीन आठवडे शिष्यवृत्ती जाण्यापेक्षा वाईट होते. मग तिने आम्हाला जेवणघराची वाट दाखवली आणि सरळ चालत निघून गेली.

त्याच दुपारी परत निघालो. श्रीचं म्हणणं पुराव्यानिशी सिद्ध झालं होतं आणि त्याचा त्याला काही आनंद झालेला दिसत नव्हता. सईने कानात गाणी लावली नव्हती. इंडियानात एका रेस्ट एरियाला (हायवेवरची विसाव्याची जागा) थांबलो. वारा असा, की पुरी डब्यातून काढली ती उडून शेजारच्या गाडीच्या काचेला चिकटली. मी त्या माणसाची माफी मागितली. त्याने ती काढून मला परत दिली.

गाडीला टेकून उभ्या उभ्या सई म्हणाली, “बाबा, आय वॉन्ट टु गो देअर.”

कळलं, अशी श्रीने मान हलवली.

“बट आय माइट लूज इट.”

“मग काऊन जायचं तिथे?” श्री म्हणाला. तो कासावीस झाला की अमरावती त्याच्या तोंडात येते, ‘का’चं ‘काऊन’ होतं.

सई मराठीत, शब्द शोधत म्हणाली, “हॅनासारखं तीन आठवडे मला जमणार नाही. गेली तर मी तुला सांगू शकते? त्याच दिवशी?”

श्रीने पवनचक्क्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, टायरमधली हवा बघायला हवी. डिकीतून मापक काढून त्याने चारही टायरची हवा तपासली. ती ठीक होती. आम्ही गाडीत बसलो. पट्टा लावताना, मागे वळून न बघता तो म्हणाला, “त्याच दिवशी सांगायचं. मी मीटिंगमध्ये असलो तरी.”

“ओके,” सई म्हणाली. पुढे बऱ्याच वेळाने मी मागे पाहिलं तेव्हा ती झोपली होती.

घरी पोचल्यावर मेघनाने मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन विचारलं, की भांडण झालं का. मी म्हटलं, नाही, टायर चांगले आहेत. त्या आठवड्यात सईने ओहायोला होकार कळवला. श्रीने कर्जाची चौकशी थांबवली. जवळच्या विद्यापीठाचं नाव छापलेला त्याचा टीशर्ट मात्र तो अजून घालतो, घरात रंग देताना.

जूनमध्ये मी अमरावतीला परतले. सईच्या विद्यापीठाचं नाव इथे कुणीच ऐकलेलं नाही, रिक्षावाल्यानेही नाही. शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, की पहिल्या ठिकाणी जमलं नाही का. मी ऑनर्स कॉलेज समजावून सांगते, मेरिट स्कॉलरशिप समजावून सांगते, लोक ऐकतात आणि वाईट वाटून घेऊ नका म्हणतात. वाईट वाटत नाही. नावाजलेलं मोठं की निवडक छोटं, हे आम्ही मोजत निघालो होतो. दोन्हींची तुलना अंजलीने ताटावर केली तेवढीच झाली. बाकी सई जिथे तास संपल्यावर उठेना, ते तिने निवडलं.

सप्टेंबरात रसायनशास्त्राच्या पहिल्या परीक्षेत तिला वाईट मार्क पडले. निकाल कळला तसा तिने बापाला फोन लावला. तो मीटिंगमधून उठून बाहेर आला. काय म्हणाला, असं मी तिला नंतर विचारलं. “ही आस्क्ड, जेवलीस का,” सई म्हणाली. “मी हो म्हटलं. मग आम्ही दोघंही काही बोललो नाही, पण त्याने फोन ठेवला नाही.”

सेमिस्टर संपलं तेव्हा ती रेषेच्या वर होती, फार वर नाही. ती बातमी श्रीने मला चार दिवसांनी, दुसऱ्याच कशाच्या तरी बोलण्यात सांगितली. सप्टेंबरातल्या त्या मार्कांचा फोन मात्र त्याने मला लगेच, ऑफिसच्या पार्किंगमधूनच केला होता. “ताई,” तो म्हणाला होता, “तिने सांगितलं.”