शेजारणीला सांगितलेलं खोटं नाव

वहिनीला सातवा महिना लागला आणि आमच्या घरात नावावरून भांडणं सुरू झाली. मुलगी झाली तर काय ठेवायचं हे कधीच ठरून गेलं होतं, त्यावर कुणाचं दुमत नव्हतं. घोडं अडलं होतं मुलाच्या नावापाशी. बाबांना 'सिद्धार्थ' हवं होतं. दादाला एका क्रिकेटपटूच्या मुलाचं नाव हवं होतं, जे त्याला स्वतःलाच नीट उच्चारता येत नव्हतं. आई म्हणायची, "काहीबी ठेवा बाप्पा, मी तं त्याले बाबूच म्हणीन."

वहिनी मात्र या भांडणात पडायची नाही. तिनं नाव केव्हाच ठरवलं होतं आणि ते ती कुणालाही सांगायला तयार नव्हती. दादालासुद्धा नाही.

"कावून नाही सांगत, वहिनी?" मी एकदा विचारलं.

"भिंतीले कान आहेत," ती म्हणाली आणि तिनं स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

भिलाईच्या मरोदा वस्तीतल्या आमच्या क्वार्टरची ती भिंत शेजारच्यांबरोबर सामाईक होती. पलीकडे आंटी राहायच्या. मूळच्या बिहारकडच्या, पण माझ्या जन्माच्या आधीपासून भिलाईत. त्यांचा मुलगा आणि माझा दादा स्टील प्लांटमध्ये एकाच शॉपला, म्हणजे एकाच खात्यात, आणि आता त्यांच्या सुनेलाही वहिनीच्याच महिन्यातली तारीख दिलेली. आंटी मनानं चांगल्या, फक्त आमच्या घरात जे येईल ते आठवडाभरात त्यांच्या घरात यायचं. आम्ही हिरवे पडदे लावले, त्यांनी हिरवे पडदे लावले. आम्ही पॉवर हाऊसच्या बाजारातून पाळणा आणला, दुसऱ्या दिवशी दुकानदारानं तसाच पाळणा त्यांच्याकडे पोचवला. वहिनीची खात्री होती, आता नावाची पाळी आहे.

मला या सगळ्याची गंमत वाटायची, कारण नावांचं काय होतं ते मी रोज बघत होते. कोहक्याच्या एका शाळेत मी लहान वर्गांना गणित शिकवते, आणि ॲडमिशनच्या दिवसांत फॉर्म तपासायचं कामही माझ्याच गळ्यात पडतं. त्या वर्षी तर 'अंश'वाल्या नावांचा पूर आला होता. शिवांश, रेयांश, दिव्यांश, प्रियांश. वर्गात अंशच अंश, छेद एकही नाही. प्रत्येक आई मला सांगायची, "मॅडम, थोडा हटके नाम रखा है." आमच्या लहानपणी वेगळं होतं असंही नाही. वस्तीतला एक मुलगा इंजिनीअर झाला, तर पुढच्या दोन वर्षांत त्याच्या नावाचे चार पोट्टे गल्लीत रांगायला लागले. त्यातला एकही इंजिनीअर झाला नाही.

एका रविवारी सकाळी मी व्हरांड्यात पेपर पसरून मटार सोलत बसले होते. आंटी कढीपत्त्याचं निमित्त काढून आल्या, बसल्या, चार शेंगा त्यांनीही सोलल्या आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "नाम सोचा कि नहीं, तुम लोगों ने?"

मी खरं तेच सांगणार होते, की ठरलं नाही. पण त्यांचे डोळे असे काही चमकत होते की माझी जीभ वळवळली. मी खाली पाहिलं. मटारांच्या खाली हिंदी पेपरच्या बातमीचा शेवट दिसत होता, 'शेष पृष्ठ सात पर'.

"शेषांश," मी हळू आवाजात म्हणाले. "पर अभी किसी को बताना मत, आंटी."

आंटींनी नाव तोंडात घोळवलं, जणू लिमलेटची गोळी. "शेषांश... माने, शेषनाग का अंश?"

"हां, वही," मी म्हणाले. अर्थ मला त्यांनीच आयता दिला.

कढीपत्ता न घेताच त्या गेल्या. वहिनी आत दाराआड उभी राहून ऐकत होती. पोट धरून इतकी हसली, की आईनं मलाच दम भरला.

आंटींचा नातू आमच्या बाळाच्या पंधरा दिवस आधी जन्मला. मोबाईलवर निमंत्रण आलं. निळे फुगे, सोनेरी पाळणा आणि मधोमध मोठ्या अक्षरात, शेषांश. दादा हसता हसता खाटेवरून घसरला. बाबा तेवढे हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू शाळेतली मॅडम आहेस ना? ते लेकरू जिंदगीभर ते नाव घेऊन फिरन. अन् तुले मजाक सुचून राहिली?"

कार्यक्रमाला मी झबली-टोपडी घेऊन गेले आणि कोपऱ्यात बसून राहिले. आंटी येणाऱ्या प्रत्येकाला नावाचा अर्थ समजावून सांगत होत्या, की साऱ्या धरतीचा भार ज्यानं डोक्यावर घेतला आहे, त्याचा हा अंश. बायका कौतुकानं माना डोलवत होत्या. जामुलहून आलेल्या त्यांच्या एका नातेवाईक बाईनं तर पर्समधून मोबाईल काढला आणि ते नाव त्यात लिहून घेतलं. ते पाहून मी हातातला पेढा तसाच खाली ठेवला.

मग आमचाही मुलगाच झाला. नामकरणाच्या दिवशी त्रिशरण-पंचशील झालं, खीर झाली, आणि बाळाच्या कानात नाव सांगायला मला, म्हणजे आत्याला, पुढे बोलावलं. वहिनीनं ब्लाउजमधून चार घड्या घातलेली चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. नऊ महिने जपलेलं ते नाव सगळ्यांत आधी मी वाचलं.

विहान.

मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, वाकले, बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि सगळ्यांना मोठ्यानं ऐकवलं. टाळ्या वाजल्या. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मात्र मला राहवलं नाही.

"वहिनी, आमच्या नर्सरीत चार विहान आहेत."

तिचा आधी विश्वासच बसला नाही. "कसं शक्य आहे? मी कोणाले सांगितलंच नाही!"

"तुमाले कुठं सापडलं?"

"मोबाईलवर. यादीत पहिलंच होतं, मले पाहताच आवडलं."

"पहिलं होतं म्हणूनच सगळ्याइले आवडलं," मी म्हणाले. चोरीला जाईल म्हणून तिनं लपवलेलं नाव अर्ध्या भिलाईनं आधीच ठेवून टाकलं होतं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू ते चारही विहान मीच जन्माला घातले होते. तिसऱ्या दिवशी बाळाला तेल लावता लावता आपणहून म्हणाली, "असू दे. मी हाक मारीन तं माझाच येईन ना माझ्यापाशी?" बाबा त्याला सिद्धार्थ म्हणत राहिले, आई बाबू. दूध दिसलं की तो कशालाही ओ द्यायचा.

पुढे चार वर्षांनी ॲडमिशनच्या गठ्ठ्यात आंटींच्या नातवाचा फॉर्म आला. ते अपेक्षितच होतं. त्याच्याखाली जामुलचा एक शेषांश निघाला. आणखी खाली कोहक्यातलाच तिसरा. त्या तिसऱ्याच्या आईला मी विचारलं, हे नाव कुठून मिळालं?

"मेरी ननद के ससुराल में किसी का सुना था, मॅडम. यूनिक है ना?"

"बहुत," मी म्हणाले आणि फॉर्मवर शिक्का मारला.

त्या दिवशी घरी आल्यावर मी सरळ आंटींच्या अंगणात गेले. त्या खाटेवर जुनी साडी पसरून डाळीच्या वड्या घालत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. मटार, पेपर, पृष्ठ सात, सगळं. माफीही मागितली.

आंटींचा हात थांबला नाही. "मालूम है," त्या म्हणाल्या.

"मालूम है? किसने बताया?"

"बताएगा कौन? तुम लोग बुद्ध भगवान वाले. शेषनाग के नाम पर बच्चे का नाम रखोगे? हम इतने भोले हैं क्या, बिटिया?"

"तो फिर रखा क्यों?"

"अच्छा लगा, रख लिया. झूठ तुम्हारा था, अर्थ हमारा." त्यांनी एक वडी बोटानं नीट केली आणि मग माझ्याकडे पाहून हसल्या. "बहू को फिर तीसरा महीना चल रहा है. कुछ सोचो."

"लड़के का कि लड़की का?"

"दोनों का."

मी चप्पल काढून त्यांच्यासमोर खाटेच्या कडेला बसले. पहिली दोन नावं त्यांनी तोंड वाकडं करून नापास केली. तिसऱ्यावर त्यांचा हात थांबला.