गालाला थंड लागला तर खरा

माझ्या मामाने जन्मात माणसांपेक्षा गारगोट्यांचं भलं जास्त केलं, हे मी छातीठोकपणे सांगते. कंपनीतून पहिली शिफ्ट उरकून रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या घरी आला की तो चहाच्या आधी डबा उघडायचा. डब्यात पांढरा स्फटिक, पिवळा सुनेला, पट्ट्यापट्ट्यांचा अकीक आणि त्याचा लाडका जांभळा जमुनिया, प्रत्येक जण वेगळ्या फडक्यात. ही सगळी एकाच गारगोटीची लेकरं, असं तो आल्यागेल्याला ऐकवायचा. मोत्यांना त्या डब्यात मज्जाव होता. "स्फटिक दांडगा हाय, मोती बिचारा गरीब. एका खोलीत ठेवलास तर ओरबाडून काढील त्याला." दर रविवारी खड्यांची आंघोळ असे: कोमट पाणी, साबणाचा फेस, दातांचा जुना ब्रश. धुळीने भरलेला खडा कोरडा पुसलेला त्याला खपत नसे, कारण धुळीतही गारगोटीचाच चुरा असतो आणि तो चकाकी खातो. मामी म्हणायची, "दगडांना कोमट पानी, आन् मी थंडीत गार पान्यानं न्हाते!"

खडा खरा की काच, हे तो समोरच्याच्या गालाला लावून ठरवायचा. काच पटकन ऊब धरते, स्फटिक थंड राहतो. एस.टी. स्टँडवरच्या कंडक्टरचेही गाल यातून सुटले नव्हते. काचेवर ओरखडा काढणं ही दुसरी परीक्षा, त्यामुळे मामीच्या एकाही आरशाचा कोपरा शाबूत नव्हता. कुणाच्या मनगटावर सेलचं, 'क्वार्ट्झ' म्हणजे गारगोटी असं लिहिलेलं घड्याळ दिसलं की, "आत माझीच गारगोटी टिकटिकतेय," म्हणून हा खूश. मला बघायला मंडळी आली तेव्हा त्याने नवऱ्यामुलाला भर दुपारी गोधडीखाली नेलं आणि दोन गारगोट्या एकमेकींवर घासून आतल्या अंधारात उजेड पाडून दाखवला. बाहेर मंडळी पोहे चिवडत ताटकळली. मुलगा बाहेर आला तो विस्कटलेल्या केसांनी, पण होकार देऊनच. एवढं असून खड्यांवरून भविष्य सांगणाऱ्यांना मामा दारात उभं करत नसे. "नशिबाचं मला नाय ठाव. खडा काच मात्र कापतो."

आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. निकालाच्या दिवशी मामाने जमुनियाची अंगठी माझ्या बोटात घातली. ती मला पदवीइतकीच मोलाची. ती घालूनच मी पेणला, रामवाडीत, सासरी आले.

सासरी गणपतींचा कारखाना. दिवसभर हात माती-रंगात, म्हणून अंगठी काढून ठेवावी लागे. सासूबाईंनी ती मायेने खिडकीत ठेवली, ऊन खाऊन तेज चढावं म्हणून. शेजारीच मुकुटांना लावायचे काचेचे जांभळे खडे पडलेले असत. उन्हाळा सरता सरता माझा खडा धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा फिकुटला. सासऱ्यांचा कायदा एकच. नवा रंग आला की तो फळीला फासून उन्हात ठेवायचा. उडाला तर खोटा. अंगठी उलटसुलट करून ते म्हणाले, "सूनबाई, तुझ्या मामाला कुणीतरी फसवलंन, नायतर मामानं आपल्याला." ते दुसरं वाक्य माझ्या जिव्हारी लागलं. मामा खोटा, तर मग मी या घरात मान वर करून वावरायचं कसं? मी रोह्याला निरोप धाडला, ताबडतोब ये.

मामा दुसऱ्याच दिवशी गाडीने आला. अंगठी पाहिली आणि रांगेतले ओले गणपती हलतील एवढ्याने हसला.

"व्याहीबुवा, रंग उडाला ना? म्हंजे खराच हाय! जमुनियाला ऊन सोसत नाय. काच असती तर मेली जांभळीच राहिली असती. ते बघा तुमचे मुकुटाचे खडे, त्याच उन्हातले. उडाला काय एकाचा तरी रंग?"

एकाचाही उडाला नव्हता. मामाने अंगठीचा खडा त्यातल्या एका काचेवरून ओढला. काचेवर पांढरी रेघ उठली, जमुनिया जसाच्या तसा. मग त्याने सासऱ्यांना डोळे मिटायला लावले आणि दोन गालांना दोन खडे टेकवले.

"थंड कंचा?"

"ह्यो, उजवा."

"डोळे उघडा."

उजव्या गालावर माझी अंगठी होती. सासरे घराकडे तोंड करून ओरडले, "अगो, व्याह्यांना जेवल्याबिगर सोडू नको! सूनबाईची अंगठी खरी हाय!" हातातले ब्रश टाकून सगळे रंगारी गाल पुढे करून रांगेत उभे राहिले आणि मामा एकेकाला खडा लावत राजासारखा फिरला. त्या दुपारी पंगतीत वाढताना मी अंगठीचा हात जरा जास्तच पुढे करत होते.

निघताना मामा म्हणाला, "गो बाय, उडालेला रंग परत येत नाय. दुसरा गडद खडा बसवून देतो." मी अंगठी दिली नाही. तेव्हापासून ती फडक्यात गुंडाळून अंधाऱ्या कपाटात असते, सणाला निघते.

परवा मामाला भेटायला गेले. आता त्याला दिसत नाही, डबाही कुणी उघडत नाही. मी अंगठी त्याच्या हातात ठेवली. फिकी की गडद, काही विचारलं नाही त्याने. चाचपडत ती स्वतःच्या गालाला लावली आणि बराच वेळ तशीच धरली.

"व्हय," तो म्हणाला, "हीच."