दादाने बसवलेली वायपरची मोटर

गाडी शिकवणाऱ्या माणसाला आधी धीर लागतो, गाडी नंतर. बेबीकडे तो रग्गड होता. पन्नाशी उलटली तरी घरचे तिला बेबीच म्हणत. शिकायला येणारे तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे बर्फाची लादी. कुणी गिअरऐवजी हँडब्रेक ओढो, कुणी चौकात मधोमध गाडी बंद पाडून रडायला लागो, तिचा आवाज कधी चढायचा नाही. "काही नाही झालं. क्लच दाबा. परत चालू करा." एवढंच. गाडी तिच्यासारखीच मुरलेली होती. डाव्या बाजूला तिच्या पायाशी एक जादा ब्रेक बसवलेला आणि दारावर शिकाऊंनी खांबांना दिलेल्या मुक्यांच्या खुणा.

त्या दिवशी एक शिंपीणबाई गाडी चालवत होत्या. हातात कात्री असली की कुणाला न ऐकणाऱ्या या बाई स्टिअरिंग धरलं की थरथर कापायच्या. उतारावर पाऊस जोरात आला आणि वायपर काचेच्या मध्यावर येऊन थांबले ते थांबलेच. समोर नुसतं पाणी. बाईंनी स्टिअरिंग सोडलं आणि दोन्ही हातांनी डोळे झाकले.

"डोळे उघडून काही दिसत नाही हे खरं," बेबी म्हणाली, "पण मिटून तर त्याहून दिसत नाही." तिने एका हाताने स्टिअरिंग सांभाळलं, पायाने आपला ब्रेक दाबला आणि गाडी कडेला घेतली. पाऊस ओसरेपर्यंत दोघी शिवणावर गप्पा मारत बसल्या.

घरी आल्यावर तिने फ्यूज बघितला. धडधाकट होता. बटण दाबलं की बॉनेटखालून नुसतं गुंऽऽ ऐकू यायचं, हलायचं काही नाही. म्हणजे मोटरच गेली. गॅरेजवाल्याने हात वर केले, "एवढ्या जुन्या गाडीचा माल आता कुठला?" मग दोन दिवस पायपीट करून तिने भंगारवाल्याकडून तशाच एका गाडीची मोटर मिळवली, बॅटरीला जोडून फिरते का ते तिथेच पाहिलं, आणि रविवारी सकाळी स्वतःच बसवायची असं ठरवलं. काम फार अवघड नव्हतं. वायपरच्या दांड्या काढायच्या, काचेखालची प्लास्टिकची जाळी काढायची, मोटरच्या आसावरची पट्टी सोडवायची, जुनी मोटर काढून नवी बसवायची.

चूक एकच झाली. वहिनीशी फोनवर बोलताना ती हे बोलून गेली.

रविवारी ती पाने-पक्कड मांडत होती तेवढ्यात फाटकाशी कर्रर्र आवाज आला. दादाची गाडी फाटकाच्या खांबाला घासत आत आली होती.

"फाटक अरुंद केलंस का गं?" गाडीतून उतरता उतरता दादाने विचारलं.

"फाटक आहे तेवढंच आहे. तू कशाला आलास?"

"कशाला म्हणजे? मोटर बदलायचीये ना?" दादाने बाह्या सरसावल्या. सगळी नोकरी त्याने पाण्याच्या पंपांवर काढली होती. निवृत्त झाल्यापासून कुणाच्या घरी नळ गळतोय असं कानावर आलं तरी त्याला बोलावल्यासारखं वाटायचं. "सरक. तू फक्त पाना दे."

"दादा, मी करते. तू खुर्ची घेऊन बस आणि चहा पी."

"तुला सायकल कुणी शिकवली?"

या प्रश्नापुढे गेली चाळीस वर्षं तिचं काही चाललं नव्हतं. तिने पाना दिला.

मग सुरू झालं. दांडी आसावर गंजून बसली होती. त्यावर तेल सोडून थोडं थांबायचं, एवढंच करायचं होतं. दादाला थांबायचं नव्हतं. त्याने ओढली, ती सुटली आणि सटकन काचेवर आपटली. बेबीने आधीच काचेवर टॉवेल अंथरला होता म्हणून काच वाचली. जाळी काढताना त्याने दोन खुंट्या तोडल्या. "असल्या तुटायच्याच असतात," तो म्हणाला. ऐन दुपारच्या उन्हात त्याने टॉर्च मागितला. तिने आणून दिला. पट्टीचा नट हातातून सुटून खालच्या खोबणीत पडला. तिने चुंबकाने काढून दिला. पुन्हा पडला. या वेळी तो त्याच्या बोटांपासून वितीभरावर, चांगला चकचकीत, समोर दिसत होता आणि दादा त्याच्या शेजारची जागा चाचपत होता.

"अरे तो काय! नाकासमोर!"

"दिसला, दिसला. ओरडतेस काय?"

आपण ओरडलो हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. गाडी शिकवायला लागल्यापासून या गाडीजवळ ती पहिल्यांदाच ओरडली होती.

जुनी मोटर निघाली, नवी बसली. जुन्या पट्टीवर आणि तिच्या आधाराच्या पत्र्यावर बेबीने, भंगारातल्या गाडीत पाहून ठेवलं होतं तसं, पट्टी सोडवायच्या आधीच पांढऱ्या रंगाची रेघ ओढून ठेवली होती. वायपर बंद असताना पट्टी कुठे असायला हवी, ते त्यावरून कळायचं. "मोटर आधी नुसती चालव, बंद कर, ती आपल्या जागी येऊन थांबेल. मग रेघेला रेघ लावून पट्टी बसव."

"मला शिकवतेस?"

"रेघेला रेघ, दादा."

"हो, लावली."

त्याने नट आवळला, दांड्या चढवल्या आणि ऐटीत बटण दाबलं. वायपर उठले, काच सोडून खाली गेले, बॉनेटवर धाडकन आपटले, पुन्हा वर आले आणि बटण बंद केल्यावर हात वर केल्यासारखे उभेच्या उभे राहिले.

"भंगारातली मोटर," दादाने निकाल दिला. "तुला फसवलं त्याने."

बेबीच्या तोंडावर चांगले चार शब्द आले होते. ते गिळून तिने खाली वाकून पाहिलं. दोन्ही रेघा एकमेकींपासून चांगल्या लांब होत्या. आंधळ्यालाही दिसतील इतक्या ठळक. आणि हा शब्द मनात आला तशी ती थांबली. फाटकाचा खांब आठवला. टॉर्च आठवला.

"दादा, रेघ कुठेय दाखव."

"ही काय." त्याने बोट ठेवलं तिथे गंजाचा डाग होता.

त्याला हाताला धरून तिने घराच्या पायरीवर नेऊन उभं केलं. नवीन शिकाऊ आला की गाडीत बसवायच्या आधी ती जे करायची, तेच केलं. "समोरच्या गाडीची पाटी वाच."

दादाने घडाघडा नंबर म्हटला.

"ती तुझी गाडी आहे. तिच्या पलीकडची वाच, फाटकाबाहेरची हिरवी."

दादाने डोळे बारीक केले, मान पुढे काढली. "तिला नंबरच लावलेला नाही," तो म्हणाला. "असल्या लोकांना दंड करायला पाहिजे."

पाटीवर हातभर आकडे होते. बेबीला आधी हसू आलं आणि मग इतका संताप आला की तिचे कान गरम झाले.

"किल्ली दे."

"कसली?"

"गाडीची. दे म्हणते ना! तू असा गाडी चालवत आलास? रस्त्यावर पोरंबाळं असतात, दादा! वहिनी शेजारी बसते तुझ्या!"

समोरच्या घराची खिडकी उघडली. बर्फाची लादी पाणी पाणी झालेली शेजाऱ्यांनी पहिल्यांदाच पाहिली. दादाही काही कमी नव्हता. लहान तोंडी मोठा घास, बायकांनी गाडी शिकवायची म्हणजे असंच व्हायचं, मला रस्ता तोंडपाठ आहे, असं बरंच बोलून झालं. पण बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला आणि तो पायरीवर बसला.

"आधी वाटलं काच घाण आहे," तो म्हणाला. "रोज सकाळी काच पुसायचो. साबणाने, कागदाने. वायपरची रबरं दोनदा बदलली."

"चष्मा पुसायचं सुचलं नाही?"

"तोही पुसला." मग तो म्हणाला, "तुझ्या वहिनीला सांगू नकोस."

"पहिलं तिलाच सांगणार."

त्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली. ठेवली कसली, आपटलीच.

मग तिने मोटर नुसतीच चालवली, आपल्या जागी थांबू दिली, रेघेला रेघ लावली आणि नट आवळला. दादाने टॉर्च धरला होता, तोही बहुतेक वेळ तिच्या कोपरावर. वायपर गुपचूप उठले, काच पुसली आणि खाली जाऊन झोपले. दोघांपैकी कुणीच शाबास म्हटलं नाही.

त्याच्याच गाडीतून ती त्याला घरी सोडायला निघाली आणि अख्खी वाट तो तिला गाडी चालवायला शिकवत होता. "गिअर बदल. अगं केवढी जवळून गेलीस! माणूस आहे समोर." तो माणूस नव्हता, टपालपेटी होती. तिने दात आवळले.

वहिनीने दारातच सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "म्हणजे मी रोज शेजारी बसून 'अहो, बस आली, अहो, सिग्नल' म्हणून ओरडते ते बरोबर होतं? हे म्हणायचे, तुला ओरडायची सवयच लागलीये. मला खरंच वाटायला लागलं होतं!" आणि ती जी चिडली ती पुढे आठवडाभर.

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साधी शस्त्रक्रिया आहे. दादाने तरी दोनदा टाळली. एकदा सर्दी झाली म्हणून, एकदा म्हणे पंपाच्या लोकांचं स्नेहसंमेलन होतं. तिसऱ्या वेळी बेबी शिकवणी रद्द करून स्वतः त्याला न्यायला गेली आणि दार वाजवत राहिली. एक डोळा झाला, मग दुसरा. पट्टी निघाली तेव्हा तो वहिनीकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?" वहिनी म्हणाली, "तुमच्या शेजारी बसून."

डॉक्टरीणबाईंनी गाडी चालवायला परवानगी दिली तरी बेबीने दिली नाही. तिने त्याला आपल्या गाडीत, शिकाऊच्या जागेवर बसवलं आणि पूर्ण परीक्षा घेतली. पहिल्या वेळी नापास केलं. डोळ्यांसाठी नाही, तर सगळ्या वळणांवर वाद घातला आणि वाद घालताना आरसा एकदाही पाहिला नाही म्हणून. दुसऱ्या वेळी त्याने तोंड मिटून गाडी चालवली. घामाघूम झाला, पण चालवली. ती म्हणाली, "पास."

त्यानंतर चार दिवस तो तिच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी तिचा फोन वाजला.

"तुझ्या गाडीचा हँडब्रेक ढिला आहे," दादा म्हणाला. "रविवारी येतो."