दाऊदभाईने जाळलेली गाडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दोस्तांना नाही — आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर मुळीच नाही. तुम्ही ऐका. मध्ये थांबवू नका, नाहीतर परत गिळून टाकीन.

साठच्या दशकातली गोष्ट. सात अमिराती एक व्हायच्या होत्या, घरात नळ नव्हता. आम्ही रत्नागिरीकडची चार-पाच पोरं दुबईत एका गॅरेजात राबायचो. कुण्या साहेबाने टाकून दिलेली चार दरवाजांची मोटार आम्ही उभी केली — रेससाठी! थंडीत शुक्रवारी खारवट माळावर शर्यती व्हायच्या. सगळ्या शेखांच्या मुलखांतून गाड्या यायच्या, सीझनभर गुण मोजायचे, शेवटी कप. बाकीच्यांमागे तेल कंपन्यांचे साहेब. आमच्यामागे कोण? आम्हीच. पण स्टिअरिंगवर दाऊदभाई होता. काय चालवायचा, देवा! निम्म्या सीझनला आम्ही पहिले. गोरे येऊन आमचं बॉनेट उघडून बघायचे. गॅरेजच्या मालकाने शब्द दिला, कप आणा, दाऊदला ड्रायव्हर म्हणून वाढीव पगारावर घेतो. दाऊदभाई म्हणाला, "खलास, ठरलं! बायकोला इथे आणतो, इन्शाल्ला."

माझं काम रेडिएटरच्या पाण्याचं. हसू नका. विहिरीचं पाणी खारट, गोडं पाणी गाढवावरून डब्यांतून यायचं. त्यातला एक डबा गाडीचा, हा दाऊदभाईचा सक्त हुकूम. आणि मी — कसं सांगू? खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, केसांचा काथ्या होतो. शुक्रवारी एवढी माणसं जमणार, मी तसाच जाऊ? एकदा त्या डब्यातल्या पाण्याने आंघोळ केली आणि गाडीत विहिरीचं ओतलं. गाडी धावली. मग दर आठवड्याला तेच. काय फरक पडतो, म्हटलं.

शेवटच्या शर्यतीत फरक पडला. दाऊदभाई सगळ्यांच्या पुढे, ओरडून आमचे घसे बसलेले, आणि बॉनेटखालून वाफेचा लोट. इंजिन जाम. सगळे म्हणाले, हावरेपणाने गाडी जाळली. मालकही तेच म्हणाला. दाऊदभाई खाली मान घालून एवढंच बोलला, "असेल. माझाच पाय जड पडला असेल."

तेव्हा बोलायला नको होतं का मी? आणि केलं काय, ऐका. सगळे गेल्यावर रेडिएटर उतरवला. आत खाऱ्या पाण्याचा चुन्यासारखा पांढरा थर. कुणी बघायच्या आत तो खरवडून, धुऊन टाकला. आंघोळीला पोरकटपणा म्हणा हवं तर — हे मात्र मी पूर्ण शुद्धीत केलं.

गाडी दुरुस्त झाली आणि पुढच्या सीझनला मालकाने स्टिअरिंग मला दिलं. मी घेतलं. लाज कशी वाटली नाही? आणि दाऊदभाई रुसलाही नाही. सरावाला शेजारी बसून जमीन कुठे भुसभुशीत आहे, पाय कुठे उचलायचा, सगळं शिकवायचा. "यल्ला, चल, तू आणशील कप!" आणला मी. त्याची बायको मात्र कितीतरी वर्षं गावीच राहिली. मुलीने बापाला पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ती शाळेत जात होती.

तो आहे अजून. अल नहदात त्याच मुलीकडे राहतो, माझ्या बिल्डिंगच्या मागे. त्याची नातवंडं चिडवतात, "ग्रँडपा, यू बर्न्ड द कार!" आणि तोही खो खो हसतो. मला ते ऐकवत नाही.

या शुक्रवारी त्यांच्याकडे जेवायला बोलावलंय. मुलगी, जावई, नातवंडं, सगळे असतील. त्याला एकट्याला गाठून सांगणार नाही, सगळ्यांसमोर सांगणार. भीती वाटते, हो. पण ठरवल्यापासून झोप लागतेय, अन्नाला चव आलीय. माफी मागणार नाही — तो लगेच देऊन टाकेल, ओळखतो मी त्याला. पोरांना जवळ बसवीन आणि त्यांना कळेल अशा माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगीन, की तुमच्या आजोबांनी गाडी जाळली नाही. मी जाळली.