माझ्या जागेवर बसलेला माणूस

त्याच्याबद्दल चांगलं बोलायला माझी जीभ उचलत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण खोटं बोलून तरी किती दिवस काढणार? माणूस चांगला आहे. तिथेच तर माझं दुखणं आहे. बदमाश असता तर मी त्याला चार शिव्या घातल्या असत्या आणि निवांत झालो असतो.

सगळे त्याला लिफ्टवाला म्हणतात. अकरा इमारतींच्या लिफ्टची देखभाल त्याच्याकडे आहे. खांद्याला ग्रीसने काळी झालेली पिशवी, नखांत कायम काळं. हसला की पुढचा एक दात दिसत नाही, कारण तो नाहीच. लग्न केलेलं नाही, घरी आई आणि हा. आई एका कानाने ठार बहिरी, दुसऱ्याने थोडंफार ऐकू येतं. असा माणूस रस्त्यात भेटला तर तुम्ही त्याला पत्ता विचाराल आणि पुढे जाल, चेहराही आठवणार नाही. आणि हाच माणूस 'घण' बँडमध्ये ड्रम वाजवतो. माझ्या जागेवर. तेही मी स्वतः मापं देऊन बनवून घेतलेल्या स्टुलावर बसून!

'घण' म्हणजे हेवी मेटल. माहीत नसेल तर सांगतो: गिटारी करकरतात, गाणारा गुरगुरतो आणि ड्रमवाला सगळ्यांना हाकतो. गाणारा म्हणजे आमचा मास्तर. शाळेत भूगोल शिकवतो. पोरांवर आवाज चढवायचा नाही अशी शाळेची सक्त ताकीद, म्हणून आठवड्याचं साठलेलं सगळं ओरडणं रविवारी सकाळी गॅरेजच्या वरच्या खोलीत येऊन ओरडायचा. बँड काढला तो त्याने आणि मी. गिटारवाले आले नि गेले, आम्ही दोघं नऊ वर्षं टिकलो.

मग मला जुळ्या मुली झाल्या. मी मास्तरला म्हटलं, "दोन महिने सुट्टी दे." तो म्हणाला, "घे रे, जागा कुठे पळून जातेय?" तेवढ्यापुरतं म्हणून त्यांनी लिफ्टवाल्याला आणलं. दोन महिने झाले. मला वाटलं, ते बोलावतील. त्यांना वाटलं, मी येईन. मी पडलो मानी आणि मास्तर पडला विसरभोळा. बायको म्हणायची, "अहो, जा ना स्वतःहून, कुणी पत्रिका घेऊन येणार आहे का?" मी म्हणायचो, "मी का जाऊ? गरज त्यांना आहे." गरज त्यांना नव्हती. अडीच वर्षं गेली आणि एक दिवस कानावर आलं की 'घण'चा पहिला अल्बम येतोय. नाव काय, तर 'भूकंपरेषा'. भूगोलाचा मास्तर दुसरं काय ठेवणार म्हणा!

सात गाण्यांची यादी बघितली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सातातली पाच माझ्या वेळची. ती गाणी मी मांडीवर ठोके मारून मारून बसवलेली. म्हणजे ठोके माझे, घाम माझा आणि नाव मात्र या लिफ्टवाल्याचं. मी भेटेल त्याला सांगत सुटलो, "चोरी आहे ही, सरळ सरळ चोरी!" चहावाल्याला सांगितलं, सासऱ्यांना सांगितलं, दाढदुखीसाठी गेलो होतो त्या डॉक्टरांना तोंड उघडं असतानाच सांगायला लागलो. मला फक्त एक हवं होतं. अल्बमवर, ड्रम्स या शब्दापुढे, माझं नाव. बाकी सगळं त्याने खुशाल घ्यावं.

आता नशिबाची थट्टा बघा. मी छापखान्यात मशीन चालवतो, आणि अल्बमची कव्हरं छापायला आली ती आमच्याच छापखान्यात. मालकाने कागद पुढे टाकला. "हजार सीडींची कव्हरं. तुझेच दोस्त ना रे?" मी म्हटलं, "होते."

आमच्या धंद्यात एक रीत आहे. रंग आणि जागा जुळेपर्यंत मशीनमध्ये चांगला कागद कुणी घालत नाही, जुनी रद्दी घालतात. तीच ती रद्दी दहा-दहा कामांना वापरतात. त्यामुळे तिच्यावर टूथपेस्टच्या खोक्यावर सिमेंट कंपनीचं कॅलेंडर, त्यावर खोकल्याच्या औषधाचा कागद, असं सगळं एकमेकांच्या उरावर छापलेलं असतं. रद्दी संपून चांगला कागद सुरू झाला की मधे एक पिवळी चिठ्ठी खुपसायची. कटिंगवाला चिठ्ठी बघतो, तिच्या खालचं फेकतो आणि वरचं कापतो. बावीस वर्षांत ती चिठ्ठी मी एकदाही विसरलो नव्हतो.

त्या दिवशी विसरलो. कारण रंग जुळल्या जुळल्या मी पहिलं शीट हातात घेऊन नावांची यादी वाचत उभा राहिलो. ड्रम्सपुढे त्याचं नाव, ठळक. खाली आभार. गॅरेजवाल्याचे आभार, शाळेच्या शिपायाचे आभार, त्याच्या बहिऱ्या आईचेसुद्धा आभार. मी तीन वेळा वाचली यादी. माझं नाव नव्हतं. मशीन धडधडत चाललं होतं आणि चिठ्ठी माझ्या खिशात होती.

ही झाली चूक. पुढचं चूक नव्हतं, ते मी कबूल करतो. संध्याकाळी पॅकिंगच्या टेबलापाशी गेलो तर रद्दीची कव्हरं चांगल्यांत मिसळून गठ्ठे बांधलेले. दोनशेच्या वर तरी असतील. कटिंगवाल्याला म्हटलं, "हे काय रे?" तो म्हणाला, "डिझाइनच तसं असेल म्हटलं. या लोकांचं काही सांगता येतं का?" मी एक कव्हर उचललं. भेगाळलेल्या जमिनीच्या चित्रावर दात घासणारं बाळ हसत होतं आणि लिफ्टवाल्याच्या बरोब्बर नावावर छापलं होतं, 'जेवणानंतर दोन चमचे'. माझ्या पोटात असं काही गार वाटलं म्हणून सांगू! मालकाला सांगून गठ्ठे सोडवायला अर्धा तास पुरला असता. मी डबा उचलला आणि घरी गेलो. म्हटलं, पडू देत तोंडावर.

कसले पडतायत! महिन्याभराने संगीतावर लिहिणाऱ्या एका खवट माणसाने, जो कुणालाच चांगलं म्हणत नाही, त्याने भलं मोठं लिहिलं. 'पहिल्याच अल्बममध्ये जमीन हलवणारा बँड.' आणि मुखपृष्ठाबद्दल तर पानभर! म्हणे आपल्या रोजच्या जगण्याचे थर, जाहिराती, औषधं, तारखा, सगळ्यांखाली सरकणारी भेग, प्रत्येक प्रत वेगळी, काय ती दृष्टी! लोक दुकानांत ती रद्दीची कव्हरं शोधत फिरायला लागले. चांगली, मन लावून छापलेली कव्हरं मागे ठेवून! पुढचं वाक्य मला पाठ आहे: 'पण या अल्बमचा खरा कणा म्हणजे त्याचे ड्रम्स.' मी तो कागद बायकोसमोर आपटला. "बघ, कणा! कणा कुणाचा? माझा!"

ती मुलींच्या वेण्या घालत होती. "तुम्ही ऐकलात का एकदा तरी?"

"चोरीचा माल ऐकायचा कशाला?"

ती दुसरीच्या वेणीकडे वळली. तिने ऐकला होता, हे मला नंतर कळलं.

मग लिफ्टवाल्याच्या कार्यक्रमांच्या बातम्या यायला लागल्या. पहिल्या रांगेत त्याची आई बसते म्हणे, खुर्चीवर हाताची घडी घालून. कुणीतरी विचारलं, "आजी, एवढा गोंगाट सहन होतो?" तर म्हणाली, "अरे, एवढं एकच संगीत मला नीट ऐकू येतं." लोक हसले, टाळ्या वाजल्या. मला तिचाही हेवा वाटला, तिच्या बहिरेपणासकट. माझी आई नऊ वर्षांत एकदा आली होती आणि पहिल्याच गाण्याला उठून गेली होती.

आणि मग एका दुपारी तो स्वतः छापखान्यात आला. पिशवी खांद्याला, हातात टोपी.

"दादा, ओळखलंत का? मी..."

"ओळखलं."

"दुसरी छपाई करायचीय. मास्तरांची शाळा आहे, म्हणून मी आलो." तो कागदाच्या गठ्ठ्यावर टेकला. "ते वेगळं कव्हर तुम्ही केलंत, असं कटिंगवाले म्हणाले. आम्हाला काही कल्पनाच नव्हती हो. एवढं केलंत आणि एका शब्दानं बोलला नाहीत! या वेळी तुमचं नाव टाकायचंय. मुखपृष्ठ म्हणून, मोठ्या अक्षरात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मुखपृष्ठाला? मुखपृष्ठाला नाव? अरे, नऊ वर्षं मी तिथे कव्हरं चिकटवत होतो का? ड्रम्सला टाक ना माझं नाव! माझे ठोके वाजवून कौतुक करून घेताना लाज नाही वाटली?"

तो हळूच म्हणाला, "दादा, तुम्ही ऐकला नाहीत का?"

त्याने पिशवीतून फोन काढला, इअरफोन शर्टाला पुसले आणि मला दिले. "तुमच्या जुन्या टेप मास्तरांनी मला दिल्या होत्या. सहा महिने घासलं. तुमच्यासारखं नाहीच जमलं. मास्तर शेवटी वैतागले, म्हणाले, तुझं तू वाजव बाबा."

मला वाटलं, गोड बोलतोय. मी ते कानात घातले ते चोर रंगेहाथ पकडायला.

पहिलं गाणं सुरू झालं आणि मी माझा ठोका शोधत राहिलो. नाही सापडला. दुसऱ्यात शोधला, तिसऱ्यात शोधला. तिसरं तर माझं सगळ्यात आवडतं. त्यात मास्तरची किंकाळी संपली की मी दोन्ही हातांनी, दोन्ही पायांनी नुसता धिंगाणा घालायचो, जागाच सोडायचो नाही. हा पठ्ठ्या तिथे थांबला होता. चक्क थांबला होता. काहीही नाही. लिफ्ट मजल्यावर लागण्याआधी एक क्षण पोटात खड्डा पडतो ना, तसं झालं आणि मग एकच ठोका पडला. एकच. माझ्या हातातला कागद खाली पडला. नऊ वर्षं ती जागा माझ्या हाताखाली होती आणि ती मोकळी सोडावी हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

त्याने काहीही चोरलं नव्हतं. देवाशपथ सांगतो, चोरलं असतं तर बरं झालं असतं.

"कसं वाटलं दादा?" त्याने विचारलं. परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखा उभा होता.

मी इअरफोन काढले. म्हटलं, "ठीक आहे. तिसऱ्यात घाई होतेय. तो मधला थांबा फुकट आहे, भरून काढ."

त्याचा चेहरा पडला. पण राग? छे. त्याने खिशातून लिफ्टच्या तक्रारी लिहायची वही काढली आणि लिहून घेतलं, 'तिसरं, थांबा भरणे.' म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. येत्या रविवारी रेकॉर्डिंग आहेच, एक जास्तीचं गाणं घालतोय. त्यातच तिसरं पुन्हा करून घेतो. बाकीचे नुसतं वा वा करतात, तुम्हीच काय ते खरं बोललात." वाकून नमस्कार केला आणि गेला.

मी मशीनकडे वळलो. बटण दाबलं, बंद केलं, परत दाबलं. मालक ओरडला, "काय चाललंय तुझं?" मनात आलं, होऊ दे. भरू दे त्याला तो थांबा. एका रविवारी तोही माझ्यासारखा होईल. एवढं मनात आलं आणि माझी मलाच शिसारी आली. मी तसाच शाईच्या हातांनी पळालो.

तो कोपऱ्यावर रस्ता ओलांडायला उभा होता.

"ए, थांब!" मला धाप लागली होती. "ती वही काढ. खोड ते."

"का हो दादा?"

"घाईबिई काही नाहीये. खोटं बोललो मी. जळतो रे तुझ्यावर! अडीच वर्षं जळतोय. ते कव्हरही मी केलेलं नाही, चूक होती ती माझी. बघितली आणि गप्प बसलो, तुमचं हसं व्हावं म्हणून. कळलं? तू एक ठोका हलवू नकोस. तो थांबा तर अजिबात नाही."

एक गाडी गेली, दुसरी गेली. मग त्याने वही काढली, ते पान फाडलं आणि माझ्याच हातात दिलं. हसला नाही. "मग नाव कशासाठी टाकू दादा?"

"नकोच टाकूस. कशासाठीच नको."

"नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की!"

दुसरी छपाई पुढच्या महिन्यात झाली. सगळी कव्हरं स्वच्छ, एकसारखी, भेगाळलेली जमीन आणि मागे यादी. पहिलं शीट निघालं ते मी उजेडाकडे धरलं. ड्रम्सपुढे त्याचं नाव होतं. मुखपृष्ठापुढे मास्तरच्या बहिणीचं, तिने ते चित्र काढलेलं. खाली आभारांत गॅरेजवाला, शिपाई, आई. मी सांगितलं होतं तसंच केलं होतं त्याने, अगदी तंतोतंत. माझं नाव कुठेच नव्हतं. मी वरपासून खालपर्यंत तीनदा शोधलं.